जुन्याच जागची वायर

शनिवार, सायंकाळी पाच. हिरामण आहेर यांनी महागडं ग्राफिक्स कार्ड दुकानात परत दिलं. मुलगी पूजाने कॉम्प्युटरवर केलेला बंगला फिरवून बघताना, हे कार्ड लावा की स्वस्तातलं, सेकंदाला अकराच चित्रं दिसत होती. सोमवारी नोकरीसाठी हाच कॉम्प्युटर नेऊन दाखवायचा होता. तिथे तीस लागत.

साडेपाचला पूजा कॉम्प्युटरमागे वाकली. "नाना, मॉनिटरची वायर कार्डाला लावलीच नाही! कॉम्प्युटरच्या जुन्याच जागी आहे, म्हणजे दोन्ही कार्डं वापरलीच गेली नाहीत!"

"ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं तपासणी केली. एकच भाग बदलायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही."

"विमानं उडाली हेच नशीब!" हसत तिने वायर कार्डाला लावली. स्वस्त कार्डावर आकडा सव्वीस आला, तीसला चार कमी.

नानांनी महागडं कार्ड परत मागायला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "काका, ते कार्ड एकाने बघितलंय. घेणार की नाही ते सातला सांगतो म्हणालाय."

पावणेसात झालेत. नाना स्कूटर काढून दारात उभे आहेत.