रिसाल्याच्या राहुटीची सात बसकरं

मी राहुटी. स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही, म्हणून बोलतेही भरभर. ग्वाल्हेरच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, माझा जन्म गेला. जाड कापड, अंगावर सरकारी शिक्का. आज इथे तळ, उद्या तिथे. खुंट्या ठोकल्या की उपटायची घाई.

मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य आलं, रिसाला मोडला. रिसाल्यातल्याच, जयेंद्रगंज पेठेतल्या दफेदार सूर्याजींनी मला लिलावात घेतलं आणि माळ्यावर ठेवलं. अधूनमधून येऊन हात फिरवायचे. मला रागच यायचा. कौतुक कसलं करता, बाहेर काढा ना!

काढलं ते त्यांच्या पत्नीने, विजयाबाईंनी. खेड्यांतल्या बायका मुंजगवताच्या सुरेख टोपल्या, म्हणजे डलिया, विणत आणि दलाल त्या मातीमोलाने नेई. सात गावांतल्या अशा सात जणींना विजयाबाई इंदरगंजच्या मंगळवारच्या बाजारात घेऊन आल्या. पण घुंघटातल्या बायका उघड्यावर कशा बसणार? म्हणून सूर्याजींनी मला उभं केलं, अगदी कवायतीच्या शिस्तीत. कनाती ताठ, दाराला पडदा.

तिथेच सगळं चुकलं. शिक्का बघून लोकांना वाटे, भरतीचं नाहीतर कराचं दफ्तर आलंय. गिऱ्हाईक लांबूनच निघून जाई. दोन मंगळवार माल तसाच परत गेला. मी नुसती तळमळत होते.

तिसऱ्या मंगळवारी दुपार झाली तरी तेच. सात जणींतली गेंदाबाई रडवेली झाली. "बाईजी, आज भी माल लौटा तो ससुरजी फिर कभी देहरी नहीं लाँघने देंगे." म्हणजे घराचा उंबराच बंद.

विजयाबाईंनी शेजारच्या दुकानातून कातर आणली. सूर्याजी आडवे आले.

"अगं, रिसाल्याची आहे ती! तेवढीच उरलीय."

"अहो, रिसाला उठला. ह्या सात जणी आत बसल्यात. ह्यांचं काय करू, सांगा."

मग सूर्याजींनीच वाकून माझी पहिली खुंटी उपटली. कातर लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? माझी सात बसकरं झाली, एकेकीला एक. शिक्क्याचा तुकडा तेवढा सूर्याजींनी खिशात घातला.

गेंदाबाई भर उन्हात माझ्यावर बसली. समोरून कुणी बाई चालली होती. गेंदाबाईने घुंघट कपाळापर्यंत सारला आणि हाक मारली, "ओ जिज्जी, डलिया तो देखती जाओ!"

ती बाई थांबली.

आता ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला गेली, दफ्तरंही गेली. मी विरले, तरी मंगळवार आला की सात गावांतून निघते. बाजारात दिसले तर घाईत तुडवून जाऊ नका. माझ्यावर एखादी नवखी बसलेली असेल, पहिली हाक तिच्या घशातच अडकली असेल. तुम्हीच आधी बोला.