मागच्या पायांचा आवाज

मी घोड्याचं ढुंगण बोलतंय. नाकं मुरडू नका. शाळेच्या नाटकात घोडा लागतो, तेव्हा पुढे तोंड लागतं आणि मागे मी. तोंडाला काचेचे डोळे, लोकरीची आयाळ. मला मात्र चित्रकलेच्या बाईंनी एका विटक्या पडद्यातून शिवलं आणि शेपूट म्हणून फरशी पुसायच्या फडक्याच्या चिंध्या लावल्या.

तोंडात मुख्याध्यापकांचा भाचा जाणार हे ठरलेलंच होतं. माझ्यात नको असलेलं पोर कोंबायचं, ही त्या शाळेची रीत. त्या वर्षी एक मुलगी होती, बोलताना अडखळायची. "हिला संवाद दिला तर नाटक सकाळपर्यंत चालेल," असं बाई तिच्यासमोरच म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पोरांना घडवतो म्हणवणारी माणसं ही!

घोड्याला एकच वाक्य होतं: "थांबा महाराज, पुढे दरी आहे!" तालमीत भाचा ते पुढून रेकायचा. मुलगी वाकून, त्याची कंबर धरून, मागे तेच पुटपुटायची. माझ्या पोटातल्या अंधारात कुणी तिच्या तोंडाकडे बघत नसे, आणि तिथे ती एकदाही अडखळली नाही. हे फक्त मला माहीत होतं.

प्रयोगाच्या दिवशी महाराजांनी दरीकडे पाऊल टाकलं आणि भाच्याची दातखीळ बसली. विंगेतून बाई हातवारे करू लागल्या. महाराजांचा पाय हवेतच. तेवढ्यात माझ्या आतून ते वाक्य निघालं, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत. टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

बक्षिसाचा पेला अर्थातच भाच्याला मिळाला. मुलीची आई तरातरा स्टेजवर आली. "अहो, तो आवाज माझ्या लेकीचा होता!"

"ताई, घोडा एकच ना? मग कुणी का बोललं असेना," मुख्याध्यापक म्हणाले.

मुलीने सांगायला तोंड उघडलं. "म... म..." सगळे घड्याळात बघू लागले. भाच्याने पेला पोटाशी आणखी घट्ट धरला. माणसाच्या पिल्लाची मला तेव्हाच शिसारी बसली.

मग मी माळ्यावर पडून राहिलं. उंदरांनी माझा एक पाय खाल्ला. निदान त्यांनी माझ्याकडे लक्ष तरी दिलं.

परवा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. शोभेसाठी आम्हा दोघांना भिंतीवर टांगलं. भाच्याचं आता पोट सुटलंय. "माझ्या त्या एका वाक्याने सभागृह हलवलं होतं, आठवतं?" तो सांगत होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त किळस आली.

"ते मी... मी म्ह... म्हटलं होतं," एक बाई म्हणाली. मी तिला लगेच ओळखलं.

"तू? अगं, तू तर मागे होतीस!"

सगळे खो खो हसले. म्हाताऱ्या झालेल्या चित्रकलेच्या बाईसुद्धा.

तिने मला खुंटीवरून काढलं आणि डोक्यावरून ओढून घेतलं. धुळीने ती शिंकली. मग एक श्वास घेतला.

"थांबा महाराज, पुढे दरी आहे!"

हसू जिथल्या तिथे विरलं. तो आवाज सगळ्यांनी ओळखला. बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. भाचा भिंतीवरच्या तोंडाकडे बघत राहिला.

माझं काम झालं. आता मला खुशाल भंगारात द्या. फक्त त्या तोंडाबरोबर एका पोत्यात भरू नका.