चौदाव्या प्रसंगाच्या पुढे

मी एचडी डीव्हीडी बोलतेय, लाल डब्यातली चित्रपटाची तबकडी. जरा लवकर ऐका. मला स्वस्थ बसवत नाही. कडेने माझा थर सुटत चाललाय आणि मी कधी बंद पडेन, याचा माझा मलाच भरवसा नाही.

माझा जन्म २००६चा. तेव्हा बाजारात दोन जातींच्या तबकड्यांची नुसती चढाओढ होती. आम्ही लाल डब्यातल्या, त्या निळ्या डब्यातल्या. चित्र दोघींचंही लख्ख, पण टिकणार एकच जात. टोलेडोच्या काचकारखान्यातल्या व्हर्न कॉस्टेल्निक या फोरमनने मला पैज लावल्यासारखी उचलली आणि घराच्या तळघरात नेली. तिथे सात स्पीकर आणि भिंतभर पडदा होता.

व्हर्नला एक खोड होती. नवी तबकडी आणली की तो तिला गुण द्यायचा आणि इंटरनेटवर आपल्यासारख्याच वेड्यांना कळवायचा. माझ्या चित्राला साडेचार. ‘नटाच्या दाढीचे केस मोजून घ्या,’ असं लिहिलं. आवाजाला पाचपैकी पाच. आणि चित्रपट कसा बनवला ते सांगणारा जो जादा ऐवज सोबत असतो, त्याला फक्त एक! ‘चित्रपट चालू असताना एक म्हातारा दोन तास बोलतो. बोलतो कमी, खोकतो जास्त. दहा मिनिटांत बंद केलं.’

मला असा राग आला म्हणून सांगू! पण ऐकतो कोण? पाहुणा आला की व्हर्न थेट चौदावा प्रसंग लावायचा. धरण फुटायचं, सोफा थरथरायचा, पाहुणा ‘वा वा’ करायचा, की मी परत डब्यात. वरून त्याची बायको लोर्ना ओरडायची, “व्हर्न, माझ्या बशा नाचताहेत! त्या धरणाला एकदाचं दार लाव!” पुढे काय होतं, ते कुणी पाहिलंच नाही.

दोन वर्षांत आम्ही हरलो. दुकानांनी आम्हाला टोपलीत टाकून मातीमोल भावाने विकलं. व्हर्नने तोच चित्रपट निळ्या डब्यात घेतला. त्यात म्हातारा नव्हता आणि व्हर्नच्या ते लक्षातही आलं नाही. मी फडताळात पडून तळमळत राहिले. वर्षं गेली.

मग परवापरवा एक ईमेल आली. ग्रँड रॅपिड्सच्या रूथअ‍ॅन हुकस्ट्रा नावाच्या बाईंची. ‘तुमचं सतरा वर्षांपूर्वीचं लिखाण वाचलं. तो खोकणारा म्हातारा म्हणजे माझे वडील. चित्रपटातले आवाज त्यांनीच तयार केले. ते जाऊन आठ वर्षं झाली. त्यांचं हे बोलणं लाल डब्याशिवाय कुठेच नाही. ती तबकडी लावणारं तुमचं यंत्र अजून चालू आहे का?’

व्हर्न कानापर्यंत लाल झाला. “लोर्ना, काय लिहून बसलोय गं मी हे!”

“मला काय सांगतोस? तिला बोलाव.”

रविवारी दुपारी बाई तीन तास गाडी चालवून आल्या. हातात केळ्याचा केक, पर्समध्ये आवाज टिपायचं छोटं यंत्र. तळघरात अंधार केला. आमचं यंत्र सुरू व्हायलाच मिनिट घेतं. बाई कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. आणि या शहाण्याने काय करावं? सवयीने हात गेला चौदाव्या प्रसंगावर!

“हे आधी ऐका हं, काय दणका आहे...”

“मिस्टर कॉस्टेल्निक,” बाई म्हणाल्या, “धरण नको. बाबा लावा.”

“शाब्बास!” जिन्यातून लोर्ना म्हणाली. “कुणीतरी बोललं त्याला!”

व्हर्नने मला पहिल्यापासून लावलं आणि म्हाताऱ्याचा आवाज सुरू झाला. बाईंनी टिपायचं यंत्र मांडीवर घट्ट धरलं. बावन्नाव्या मिनिटाला माझी सुटलेली कड आली आणि मी अडकले. पडद्यावर नट तोंड वासून उभा.

“एवढंच?” बाईंनी विचारलं.

व्हर्नने मला काढलं. मऊ फडक्याने मधून कडेकडे हलकेच पुसलं. मी देवाचा धावा करत होते. इतकी वर्षं आतल्या आत जपलंय, आज दगा द्यायचा नाही! पुन्हा लावलं. पुन्हा ते सुरू व्हायचं मेलं मिनिट. आणि अडकले होते तिथून पुढे चालले एकदाची!

धरण आलं. व्हर्नने आवाज वाढवला नाही. म्हातारा सांगत होता, की हा पाण्याचा गडगडाट त्याने घरच्या टबात केला. टबाला तडा गेला आणि बायको तीन दिवस बोलली नाही.

“चार!” बाई खळखळून हसल्या. “चार दिवस बोलली नव्हती आई!”

“टबाला पाच गुण दिले मी,” व्हर्न पुटपुटला.

तुमच्याही कपाटात माझ्यासारखी कुणी पडली असेल, तर कृपा करून तिला एकदा शेवटपर्यंत लावा. आम्हाला फार वेळ उरलेला नाही.

मी मात्र त्या दिवशी शेवटाला पोचले. नावं वर सरकत संपली. पडदा काळा झाला, तळघरात मिट्ट अंधार. व्हर्नही हलेना. म्हातारा खोकला आणि म्हणाला, “संपलं बुवा. कुणीतरी दिवा लावा, मला माझी टोपी सापडत नाहीये.”

“थांबा बाबा, लावते,” म्हणत बाई उठल्या आणि भिंतीवर बटण चाचपडू लागल्या.