मिस्त्रींचा तिसरा हिस्सा

"ताई, ह्या घ्या किल्ल्या," म्हणत मिस्त्रींनी जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. "चारही घरांच्या आहेत. बघून घ्या."

"आणि मी काय करू त्यांचं? लोणचं घालू?"

ते हसले नाहीत. उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता. "काल साधा नळ बसवायला तासभर झटलो, ताई. शेवटी भाडेकरूच्या सुनेनं बसवला. कागदात लिहिलंय ना, काम थांबलं की माझा हिस्सा थांबला."

लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं, अगदी हुशारीनं.

तीस वर्षं झाली त्याला. मी बँकेच्या कर्जखात्यात कारकून, माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, इस्पितळात नर्स, आणि मिस्त्री आमच्याकडे गळकी टाकी बघायला आलेले. तेच म्हणाले, "मागच्या गल्लीतलं घर पडीक म्हणून मातीमोलानं जातंय. पाया पक्का आहे. सहा महिन्यांत राहण्याजोगं करून देतो." आमच्याकडे हिंमत भरपूर, अक्कल बेताची. वन्संच्या पगारावर कर्ज निघालं, सुरुवातीची रक्कम माझ्या ठेवीतून गेली, आणि मिस्त्रींनी घातले ते आपले दोन हात. तिघांचे हिस्से सारखे. घर उभं राहिलं, भाडेकरू आला, भाड्यातून हप्ते जाऊ लागले. मग त्याच घराच्या तारणावर दुसरं. असं करत करत चार झाली.

काय दिवस होते ते! सुट्टीच्या दिवशी रंगाचे डबे घेऊन तिघं निघायचो. वन्सं रात्रपाळी करून थेट यायच्या आणि भिंत घासता घासता उभ्याउभ्याच डुलक्या घ्यायच्या. मिस्त्री ओरडायचे, "अहो वन्सं, तुम्ही भिंतीला धरलंय की भिंतीनं तुम्हाला?" माझं ऐकून तेही त्यांना वन्संच म्हणायचे. दुपारी फरशीवर वर्तमानपत्र पसरून जेवायला बसायचो. इतकं मी पुढे कधी हसले नाही, नवऱ्याबरोबरसुद्धा.

पण कर्जखात्यात बसून मी सख्ख्या भावांच्या भागीदाऱ्या कोर्टात जाताना पाहिल्या होत्या. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. मी तर दूध न पिताच फुंकायला बसले होते. म्हणून ते कलम घातलं: मिस्त्रींचा हिस्सा ते काम करतील तोवरच. पैसे घालणाऱ्या आम्हा दोघींना मात्र कसलीच अट नाही. वाचून दाखवलं तेव्हा ते नुसते "बरोबर आहे" म्हणाले. माणसाचे हात म्हातारे होतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं कशाला बोलू? आलं होतं.

चार घरांत हिस्सा असलेला हा माणूस अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. बायको अंथरुणाला खिळलेली, हिश्श्याचं भाडं बरंचसं तिच्या औषधपाण्यातच जातं. हिस्सा गेला तर दोघं खाणार काय?

मी वन्संना फोन लावला. "अगं, मग कागद बदल की! विचारतेस काय?" त्या कडाडल्या. "मिस्त्री नसते तर आपण दोघी अजून पहिल्याच घराच्या ढिगाऱ्यात बसलो असतो."

मिस्त्री मात्र ऐकेनात. "मेहेरबानी नको, ताई. शब्द म्हणजे शब्द."

"मेहेरबानी कसली डोंबलाची? कलम माझं चुकलं. चूक मी करायची आणि भरायची तुम्ही, हा कुठला न्याय?" माझे डोळे भरून आले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ते म्हणाले, "चुकलं असेल तर दुरुस्त करा. दुरुस्तीला मी कधी नाही म्हटलं नाही."

सोमवारी वकिलांकडे गेलो. नवा कागद तयार होता: हिस्सा कायमचा, त्यांच्यामागे बायकोचा. मी सही केली, वन्संनी केली. मिस्त्रींनी पेन धरलं, तर ते कागदावर टकटक वाजायला लागलं.

वकील माणूस समजूतदार. त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. "काका, अंगठा द्या. कायद्याला दोन्ही सारखंच."

मिस्त्रींनी पेन खाली ठेवलं. "नाही साहेब. शाळेचं तोंड पाहिलं नाही मी. पहिल्या घराच्या कागदासाठी सही शिकलो. ह्या वन्संनी शिकवली, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर. महिनाभर गिरवत होतो. आता अंगठ्यानंच हिस्सा मिळणार असेल, तर राहू द्या तो हिस्सा."

सगळं जमून आलेलं, आणि आता हे! मी तोंड उघडणार, तोच वन्संनी माझा हात दाबला आणि त्या मिस्त्रींचा हात धरायला पुढे झाल्या.

"नको, वन्सं. शिकवणी तेव्हाच संपली."

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि सुरुवात केली. पहिल्या अक्षरालाच केवढा वेळ गेला. वकिलांचा फोन वाजला, त्यांनी तो कापला. मधलं एक अक्षर ओळ सोडून खाली उतरलं, मिस्त्रींनी पुढच्याला ओढून वर आणलं. कपाळावर घाम आला होता.

"वाकडी झाली," ते म्हणाले. "चालेल ना, साहेब?"

"चालेल," वकील म्हणाले.

मग मिस्त्री पेनाला टोपण लावायला लागले. एकदा हुकलं, दुसऱ्यांदाही हुकलं. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.