ट्रम्पेटच्या पेटीतली गुलाबी बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. पोटातली आग विझवणाऱ्या गुलाबी औषधाची. कारखान्यात मला काठोकाठ भरलं, डोक्यावर मापाची टोपी चढवली, तेव्हा मी काय ऐटीत होते म्हणून सांगू! पण औषधाच्या दुकानातून निघाले ती थेट ट्रम्पेटच्या पेटीत येऊन पडले.

पेटी होती मामाची. त्याची भाची त्याला मामा म्हणायची, म्हणून मीही. तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. गडी खाण्यात पक्का! तिखट, तळलेलं, वर दोन कप कॉफी, आणि हात धुतले की लगेच आडवा. मग सरावाला उभा राहून फुंकर घातली रे घातली, की छातीत जळजळ. मामा मला खदाखदा हलवायचा आणि माप बाजूला ठेवून सरळ तोंडालाच लावायचा. "तू आहेस म्हणून निभावतंय गं बाई," म्हणायचा. मी फुशारून जायचे, पण काळजीही वाटायची. डॉक्टरांकडे जायला तो घाबरत होता. त्यांनी ट्रम्पेटच बंद करायला सांगितला तर? पुढच्या महिन्यात बागेतल्या कार्यक्रमात त्याला पहिल्यांदाच एकट्याने वाजवायचं होतं.

एकदा पेटी पुसताना त्याच्या भाचीला मी सापडले.

"मामा, हे काय?"

"अगं, घेतो कधीतरी."

"कधीतरी? तळ दिसायला लागलाय हिचा!"

तिने एका हातात मला धरलं, दुसऱ्या हाताने मामाला, आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी छाती तपासली, पोट दाबून पाहिलं, खाण्यापिण्याचं खोदून खोदून विचारलं. मामाचं तोंड एवढंसं झालं होतं.

"ट्रम्पेट सोडावा लागेल का हो?"

"ट्रम्पेटने काय घोडं मारलंय तुमचं?" बाई हसल्या. "भरल्या पोटी फुंकणं सोडा. जेवून लगेच लोळणं सोडा. सकाळी नाश्त्याआधी ही गोळी घ्या, आणि पंधरा दिवसांनी मला दाखवून जा."

मामा दवाखान्याच्या पायऱ्या अक्षरशः उड्या मारत उतरला. भाचीला त्याला आवरता आवरेना.

कार्यक्रमाच्या दिवशी नवा कोट घालून तो निघाला, आणि मला खिडकीजवळच्या टेबलावरच विसरला! मी आपली खिडकीशी कान लावून बसले. समोरच्या बागेतून ट्रम्पेटचा सूर आला, खणखणीत, मोकळा, कुठेही न अडखळता. मग टाळ्या! भाचीच्या शिट्ट्या तर टाळ्यांनाही भारी पडल्या. अहाहा, काय आनंद झाला मला!

मित्रांनो, दुखलंखुपलं तर लपवू नका, घरात सांगा. औषध मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारून, मापानेच घ्या. आणि बरे झालात की मला खुशाल विसरा. मी मुळीच रुसणार नाही.