डाव्या रायफलचा दस्ता

सॅम्युअल झिराडकर तसा खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. बोललाच तर हमखास पकडला जायचा, कारण खोटं बोलताना त्याचे कान लालबुंद व्हायचे. बायको मिल्का होती तोवर तिने त्या कानांवर नजर ठेवून अख्खा संसार केला. आता मिल्का नव्हती, मुलगी लिओरा नॉटिंगहॅमला, आणि विलायतेतल्या स्लाऊ गावच्या घरात हा एकटा. कानांकडे बघणार कोण?

लिओरा डावरी. जंगलमालकांसाठी हरणं टिपून त्यांची संख्या आटोक्यात ठेवायची, हे तिचं रोजचं काम. आणि एकदा नामिबियाला जाऊन रानरेडा मारायचा, हे तिचं जुनं वेड. त्याला मोठी रायफल लागते, आणि डावरीला गोळी भरायचा बोल्ट डावीकडे असलेली. तशी नवी घ्यायची तर गाडी विकावी लागली असती. शोधून शोधून थकल्यावर तिला एका दुकानात एक जुनी मिळाली. डावी, शिवाय खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता फुटलेला, म्हणून कोणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. मिळाली अगदी स्वस्तात. नवा दस्ता बनवणाऱ्याने मात्र रायफलहून जास्त पैसे सांगितले.

"लाकूडच ना?" सॅम्युअल फोनवर म्हणाला. "मग आण इकडे. मी काय मेलोय का?"

ओतकामासाठी लाकडी नमुने घडवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने अक्रोडाचा ठोकळा मिळवला आणि वर ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे पैगंबराला नवसही बोलून टाकला, दस्ता पुरा झाला की एलियाहू हन्नबीचा मलिदा करीन.

मेख होती ती परवान्यात. परवाना लिओराचा, त्यामुळे रायफल बापाकडे ठेवून जायची सोय नाही. दस्ता बसतोय का ते बघायला रायफल हवी, आणि रायफल आली की लिओरा आलीच. दर रविवारी ती यायची आणि मागच्या शेडमध्ये स्टुलावर बसायची. हा रायफलच्या लोखंडाला काजळी फासायचा, ते दस्त्यात दाबायचा आणि काळा डाग उमटेल तिथे पटाशीने कागदाएवढं लाकूड खरवडायचा. मग दोघं नारळाच्या रसातली मच्छी आणि भात जेवायची. तिने मारलेल्या हरणाचं मटण याला चालत नसे. गोळी घातलेलं जनावर कोशर, म्हणजे धर्माला चालणारं, कसं असेल? त्यावरून ती त्याला चिडवायची, तो तिच्या मराठीला हसायचा. मिल्का गेल्यापासून घर इतकं भरलेलं त्याला वाटलं नव्हतं.

आणि वसंतात दस्ता झाला. लिओराने डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, डोळे उघडले, तर नजर बरोबर नळीच्या टोकावरच्या माशीवर. सॅम्युअलने घाईने तेलाची बाटली पुढे ओढली.

"आता तेल," तो म्हणाला. "पुष्कळ हात द्यावे लागतात. आणि लोखंडासकट चोळावं लागतं, नाहीतर लाकूड वाकडं होतं."

लिओराने त्याच्या कानांकडे नीट पाहिलं. "ओके. मग येते मी."

ती येत राहिली, तो तेल चोळत राहिला. दस्ता आरशासारखा झाला तरी याचं आपलं "अजून एक हात" चालूच. मग एका रविवारी ती सहज बोलली की नामिबियाला जायच्या आधी नेमबाजीच्या रेंजवर नेम जुळवायला हवा, हाताला सवय व्हायला हवी, पण असू दे, तुमचं होईपर्यंत थांबते. ती गेल्यावर सॅम्युअल शेडमध्येच बसून राहिला. आपल्या पोरीसमोर रेडा येणार, आणि आपण इथे तेल चोळतोय. त्याला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी लिओरा आली तेव्हा टेबलावर ताट होतं. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं. मलिदा बघून ती दारातच थांबली.

"झालाय दस्ता," तो खाली बघत म्हणाला. "केव्हाचाच झालाय. तेलाला रायफल लागत नाही."

"माहितेय, पप्पा. तेलाच्या पहिल्याच रविवारी मी दुकानातल्या माणसाला विचारली."

"मग एवढं पेट्रोल जाळत आलीस कशाला?"

"तेलाला लागत नव्हती," लिओरा म्हणाली. "तुम्हाला लागत होती."

सॅम्युअलने डोळे पुसले, प्रार्थना म्हटली, आणि दोघांनी मलिदा खाल्ला. जाताना तिने रायफल गवसणीत घालून नेली. शेडमध्ये नुसतं स्टूल उरलं.

त्यानंतरच्या रविवारी त्याने मच्छी आणलीच नाही. एकट्याला काय, अंडंसुद्धा पुरतं. बारा वाजून गेले आणि दारावरची बेल वाजली. लिओरा उभी होती, दोन्ही हात मोकळे.

"रायफल कुठाय?" त्याने विचारलं.

"घरी. कपाटात."

"मग तू कशी काय?"

"भूक लागला," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूने सरळ स्वयंपाकघरात गेली.

सॅम्युअल दारातच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते, आणि या खेपेला तर तो काही बोललासुद्धा नव्हता.