उजवीकडे वळताना मरणारी गाडी

मी एक चारचाकी बोलतेय. चारचाकी म्हटल्यावर उगाच उठून उभे राहू नका. मी लहान मुलांची, वाळूत पळायची गाडी. आवाज ट्रकचा, ताकद शिवणयंत्राची.

ओमानमधल्या बिदिया गावात खल्फानमामाने मला आपली भाची मुझना हिच्यासाठी आणलं. मुझना आठ वर्षांची. जन्मापासून तिचा डावा पाय आखूड. कडक जमिनीवर ती कशीबशी चाले, वाळूत मात्र चार पावलांत दमे. भावंडं टेकड्यांवर पळत आणि ही दारात बसून त्यांच्या चपला राखी.

माझ्यावर बसली त्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे होती. मी इतकी फुगले, की पहिल्याच चढावर बंद पडले.

पुढे ती सवयच झाली. बटण दाबलं की मी खोकायचे, गुरगुरायचे, पण पेटायचे नाही. मग कधीतरी आपसूक पेटायचे आणि सगळ्यांना वाटायचं, दुरुस्त झाली.

मुझना म्हणायची, "मामा, उजवीकडे वळवलं की मरते ही."

"गाडीला डावं-उजवं कळत नसतं, बाई माझे," मामा हसायचा.

एके सकाळी घरची गाभण शेळी टेकडीपलीकडे गेली. मुझना कुणाला न सांगता तिच्या मागे निघाली. शेळी दिसताच तिने हँडल उजवीकडे वळवलं आणि मी, अर्थात, मेले. पुढची चाकं वाळूत रुतली, हँडल तसंच अडकलं. तिने बटण दाबून दाबून बोट लाल केलं. शेवटी शेळीच्या गळ्यातली दोरी धरून ती चालत निघाली. माझ्यासारखी बढाईखोर गाडी तिथेच पडून राहिली आणि पाय ओढत चालणारी पोर पुढे गेली. तेव्हा काय वाटलं ते सांगायला तोंड नाही मला.

दुपारी मामा पिकअप घेऊन मला न्यायला आला. घरी पोचलो तेव्हा मुझनाच्या पायाला पट्टी बांधलेली होती. तिची आई झुवैना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे भूत उद्या भंगारात घाल. माझी लेक उन्हात मेली असती."

"आई, शेळी आणली की मी!"

"तू गप्प बस. तुझा हिशेब वेगळा आहे."

मामाला मात्र मला भंगारात घालणं म्हणजे हार वाटली. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच पसारा मांडला. स्पार्क प्लग काढून माझ्या लोखंडाला टेकवला आणि बटण दाबलं. ठिणगी नाही. नवा प्लग आणला. नाही. कॉइल बदलली. तरी नाही. मामा मला अशा शिव्या देऊ लागला, की मला माझ्या कंपनीचीच कीव आली.

झुवैना कॉफीची किटली घेऊन आली. "खल्फान, पोरगी कधीपासून काहीतरी सांगतेय. एकदा ऐकशील?"

मुझना लंगडत पुढे आली. माझं हँडल कालपासून उजवीकडेच होतं. तिने ते डावीकडे ओढलं. "आता दाब."

निळी ठिणगी कडाडली. हँडल उजवीकडे नेलं, ठिणगी गेली. डावीकडे आणलं, आली.

मामाने हँडलखाली हात घातला. गाडी बंद करायच्या लाल बटणाची वायर घासून उघडी पडली होती. हँडल वळलं की ती लोखंडाला टेकायची आणि मला वाटायचं, कुणीतरी बंद हो म्हणतंय. अशी मी आज्ञाधारक!

"दोन बोटं चिकटपट्टीचं काम," मामा पुटपुटला. "मुझना, माफ कर गं."

"गाडीची पण माफी माग," ती म्हणाली. मामाने खरंच मागितली. झुवैना हसली आणि एकच अट घातली: घरातून दिसेल एवढंच लांब जायचं.

यालाही सहा वर्षं झाली. मुझनाचे गुडघे आता हँडलला लागतात. मी शेडमध्ये असते. माझ्या सीटवर एक कोंबडी रोज अंडं घालते, म्हणजे निदान कुणाचं तरी काम माझ्यावर होतं. परवा मुझनाने कोंबडीला उठवलं, बटण दाबलं. मी पहिल्या दमात पेटले. ती बसली नाही. नुसता हात ठेवून माझी थरथर अनुभवत राहिली.

तुमच्याकडे एखादं लंगड्या पायाचं पोर असेल, तर मला घेऊन जा. कोंबडीची समजूत मी काढीन.